मुलांसाठी बॅरल रेसिंगचा घोडा: किती मोजायचे आणि कशासाठी

दोन जाहिराती शेजारी शेजारी ठेवा. पहिलीत सात वर्षांची घोडी आहे, गेल्या हंगामात तिने चांगल्या वेळा काढल्यात, किंमत ८,५०० डॉलर. दुसरीत तेरा वर्षांचा गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा. तो तिच्यापेक्षा सेकंदभर तरी हळू आहे आणि किंमत २२,००० डॉलर. या व्यवहारात नवख्या असलेल्या आईबापांना वाटतं, आकडे उलटसुलट छापले गेलेत. तसं काही नाही. अमेरिकेतल्या घोडेबाजारात अशा जोड्या नेहमी दिसतात. हळू घोडा महाग का, हे एकदा नीट कळलं की किती पैसे मोजायचे हा प्रश्न निम्मा सुटतो.

डॅलस-ह्यूस्टनकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातली एखादी मुलगी रायडिंग शिकता शिकता ‘मला बॅरल्स पळायचेत’, म्हणजे पिंपांभोवती घोडा पळवायच्या शर्यतीत उतरायचंय, असं म्हणाली, तर तिच्या आईबापांना पहिल्यांदा लागेल ती माहिती इथे दिली आहे.

खेळ कसा असतो आणि बक्षीस कोणाला मिळतं

अरीनात, म्हणजे कुंपण घातलेल्या मातीच्या मैदानात, ५५ गॅलनची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवतात. प्रमाणित आखणीत पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्या पिंपापर्यंत १०५ फूट, आणि वेळ मोजण्याच्या रेषेपासून पहिल्या दोन पिंपांपर्यंत ६० फूट अंतर असतं. अरीना लहान असेल तर अंतरं कमी करतात. घोड्याने तिन्ही पिंपांभोवती वळसे घेऊन भरधाव परत यायचं. पिंप पडलं तर व्यावसायिक रोडिओत, म्हणजे काउबॉय खेळांच्या स्पर्धेत, ५ सेकंदांचा दंड बसतो. नॅशनल बॅरल हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धांत तर ती धाव धरतच नाहीत.

ही असोसिएशन १९९२ साली सुरू झाली आणि विभागांची पद्धत तिने देशभर रुजवली. समजा, दिवसाची सर्वांत चांगली वेळ १५.५०० सेकंद आली. मग १६.०००पासून दुसरा विभाग सुरू होतो, १६.५००पासून तिसरा आणि आयोजकांच्या नियमाप्रमाणे १७.००० किंवा १७.५००पासून चौथा. प्रत्येक विभागात बक्षीस वेगळं. १६.५२० सेकंद काढणारं मूल दिवसाच्या विजेत्यापेक्षा सेकंदाहून जास्त मागे असतं, तरी तिसऱ्या विभागात ते पहिलं येऊ शकतं.

हळू घोड्याच्या किमतीचं एक कारण हे. तिसऱ्या-चौथ्या विभागात सातत्याने बसणारा, रोज तीच वेळ काढणारा घोडा मुलाला अधूनमधून बक्षीसही मिळवून देतो. दुसरं कारण मोठं आहे, आणि ते घड्याळात दिसत नाही: घोडा ‘किड सेफ’, म्हणजे मुलांसाठी सुरक्षित असणं.

‘सेफ’ म्हणजे नेमकं काय

आठ वर्षांच्या मुलीची एक धाव डोळ्यांपुढे आणा. अरीनात शिरायला एक अरुंद बोळ असते, तिला ॲली म्हणतात. घोडा तिच्यातून चालत येतो, कान पुढे, मान खाली. दारातून आत आल्यावर मुलगी टाचा मारते, तो सावकाश पळायला लागतो. पहिल्या पिंपापाशी तिने फक्त आतला लगाम उचलायचा आहे. ती गडबडून दोन्ही ओढते, एक हातातून निसटतो, आणि तिचं अंग वळणाच्या बाहेर कलतं. ती खोगिराचं हॉर्न, म्हणजे पुढचा उभा खुंट, दोन्ही हातांनी धरते. घोड्याचा एक कान मागे वळतो. स्पर्धेत मुरलेला तेज घोडा इथे पिंपाभोवती गर्रकन फिरेल, कारण त्याला तेच शिकवलंय, आणि मुलगी मातीत पडेल. हा घोडा दुडकीवर येतो, पाठीवरचं वजन परत मध्ये सरकेपर्यंत तसाच चालत राहतो आणि मग वळतो. वेळ लागते २३ सेकंद. बक्षीस नाही, काही नाही. पण २२,००० डॉलर मोजले जातात ते त्या मधल्या चार-पाच सेकंदांसाठी.

असा घोडा कोणी दोन-तीन महिन्यांत ‘तयार’ करून देऊ शकत नाही. शेकडो धावा, डझनभर अरीना, ट्रेलरमधले लांबचे प्रवास, लाउडस्पीकर, आणि चुका करणारी दोन-तीन मुलं त्याच्या पाठीवरून गेलेली असावी लागतात. त्याला वर्षं लागतात. म्हणून या घोड्यांचं वय १० ते १८ च्या दरम्यान असतं. पाच-सहा वर्षांचा घोडा ‘किड सेफ’ म्हणून विकायला आला, तर तो स्वभावाने गोड असेलही, पण त्याची परीक्षा अजून झालेली नसते.

वेगाने वळण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. बॅरल रेसिंगमध्ये मुलं पडतात ती बहुतेक सरळ पळताना नाही, तर घोडा अचानक वळतो किंवा अचानक वेग कमी करतो तेव्हा. पिंपाच्या आधी आपण होऊन वेग कमी करण्याला तिथले लोक ‘रेट’ म्हणतात. मोठ्या स्वारासाठी हा गुण सोन्यासारखा. पण जो घोडा फार जोरात रेट करतो, तो पंचवीस किलोच्या मुलाला पुढे मानेवर फेकतो. मुलांच्या घोड्याने हळूहळू वेग उतरवला पाहिजे, पिंपापासून चार-पाच फूट जागा सोडून गोल वळण घेतलं पाहिजे. तो थोडा ढिला वाटला तर वाटू द्या.

ज्या दोषांना भाव लावायचा नाही

खरेदीत घासाघीस चालतेच. पण शरीराच्या दोषाला किंमत लावता येते, मुलाच्या जिवावर उठणाऱ्या स्वभावदोषाला नाही. अशा दोषासाठी ‘तीन हजार कमी करा’ म्हणणं म्हणजे धोका सवलतीत विकत घेणं.

पहिला दोष बोळीचा. काही घोडे अरीनाच्या दारात अडतात, मागे सरकतात, गोल फिरतात, मागच्या पायांवर उभे राहतात. घोडं पेंड कुठे खातं ते इथे कळतं: दारातून आत जाणं म्हणजे जिवाच्या आकांताने पळणं आणि दुखणं, असं त्या घोड्याच्या डोक्यात बसलेलं असतं. कधी मागच्या पायाच्या सांध्याचं दुखणं, कधी पोटातला अल्सर, कधी सतत झालेली सक्ती. कारण काहीही असो, मागच्या पायांवर उभा राहणारा घोडा मुलाच्या अंगावर उलटा पडू शकतो. तिथून सरळ परत या.

दुसरा दोष म्हणजे तिसरं पिंप वळून घराकडे सुटला की न थांबणं. मूल लगाम ओढतं, घोडा मान वर करून तसाच पळत राहतो. जाहिरातीतल्या व्हिडिओत धाव रेषेपाशीच कापलेली असेल तर पुढचं पाहिल्याशिवाय राहू नका.

उसळणारा, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना चावायला येणारा किंवा आवळल्यावर फुगून उसळी मारणारा, सोबतचा घोडा दिसेनासा झाला की वेडापिसा होणारा, अशांचीही तीच गत. चार्मेन जेम्सचा स्कॅम्पर हा या खेळातला सर्वांत गाजलेला घोडा. तिने त्याच्यावर १९८४ ते १९९३ अशी सलग दहा वर्षं जागतिक अजिंक्यपदं मिळवली. तो तिच्याकडे आला तेव्हा लोकांना पाडणारा म्हणून बदनाम होता. तिला पहिलं अजिंक्यपद मिळालं ते चौदाव्या वर्षी, पण ती गुराढोरांत आणि घोड्यांवर वाढलेली असामान्य स्वार होती. ही गोष्ट सांगून कोणी तुम्हाला खोडकर घोडा विकत असेल, तर तुमचं मूल आज काय करू शकतं तेवढंच मनात ठेवा.

पाहायला जाताना

ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. घोडा आधीच खोगीर घालून उभा असेल आणि खोगिराखाली ओला असेल, तर त्याला सकाळपासून दोरीवर गोल गोल पळवून दमवलेलं असू शकतं. तो कुरणातून पकडताना पाहायचा आहे असं फोनवरच सांगून ठेवावं. पकडणं, बांधणं, खरारा, चारही पाय उचलून खूर साफ करणं, खोगीर, तंग, लगाम तोंडात घालणं हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं. मूल पायांशी वावरताना घोडा कसा उभा राहतो हे त्याच्या धावेइतकंच महत्त्वाचं, कारण मुलांचा घोड्यासोबतचा निम्म्याहून जास्त वेळ जमिनीवरच जातो.

आधी विक्रेत्याने बसावं. तो किंवा त्याचं माणूस बसायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा. मग तुमच्या ओळखीच्या मोठ्या स्वाराने, शक्य तर मुलाच्या शिक्षकाने बसावं आणि मुद्दाम चुका कराव्या: एका बाजूला कलावं, पाय पोटावर आपटावे, लगाम सोडून द्यावा, टोपी खाली टाकावी. घोडा थांबला किंवा नुसता कान वळवून चालत राहिला तर उत्तम. त्यानंतर मूल, गोल बंदिस्त रिंगणात, चालीवर आणि दुडकीवर. भरधाव धाव पहिल्या भेटीत नकोच.

तोंडातला लगाम कोणता आहे ते पाहा. लांब दांड्यांचा कडक लगाम आणि मान खाली ठेवणारा टाय-डाउन पट्टा असल्याशिवाय घोडा थांबत नसेल, तर मुलाचे हात त्याला पुरणार नाहीत. साध्या स्नॅफलवर, म्हणजे जोड असलेल्या सौम्य लगामावर, तो चालीतून आणि सावकाश पळण्यातून थांबतो का हे तपासून पाहा.

दुसरी भेट घोड्याला दोन-तीन दिवस सुट्टी दिल्यानंतर ठेवा. रोज बसलं तर शहाणा आणि दोन दिवस उभा राहिला की बिथरणारा घोडा शाळेत जाणाऱ्या मुलाला परवडत नाही, कारण परीक्षेच्या आठवड्यात कोणी बसणारच नाही. तिसरी भेट परक्या अरीनात व्हावी. स्थानिक स्पर्धांच्या आधी थोडे डॉलर भरून सरावाची धाव घेता येते. तिथे घोडा ट्रेलरला बांधून दोन-तीन तास उभा राहतो का, इतर घोड्यांच्या गर्दीत कसा वागतो, बोळीत कसा शिरतो ते दिसतं. घरच्या अरीनात देवमाणूस वाटणारे कितीतरी घोडे इथे वेगळेच निघतात.

भाव कशाने चढतो, कशाने उगाच चढतो

गेल्या काही वर्षांतले व्यवहार पाहता ढोबळ पट्टे असे सांगता येतील. विशीकडे झुकलेला, औषधपाण्यावर चालणारा, पण अगदी भरवशाचा घोडा ५,००० ते १२,००० डॉलर. दहा ते सोळा वर्षांचा, तिसऱ्या-चौथ्या विभागात मुलांबरोबर पळलेला, धडधाकट गेल्डिंग १२,००० ते २५,०००. मुलं आणि मोठे दोघांनाही घेऊन पहिल्या-दुसऱ्या विभागात पळणारा ३५,०००च्या पुढे, आणि त्याला वरची मर्यादा नाही. प्रदेश आणि हंगामाप्रमाणे यात फरक पडतो. वसंतात हंगाम सुरू होताना भाव चढतात. हिवाळ्याच्या तोंडावर, गवताच्या गासड्यांचा खर्च समोर दिसायला लागला की लोक खाली यायला तयार होतात.

जास्त पैसे देण्याजोग्या गोष्टी थोड्याच आहेत. याच वयाच्या मुलाबरोबरची, तपासून पाहता येणारी कामगिरी ही सर्वांत मोलाची. स्पर्धांचे निकाल बहुधा ऑनलाइन मिळतात, म्हणून घोड्याचं आणि स्वाराचं नाव विचारून घ्या. पंचवीस वर्षांच्या मुलीने काढलेली १६.२ची वेळ तुमच्या मुलाच्या दृष्टीने बिनकामाची आहे, उलट ती वेळ पाहून सावधच व्हावं. त्यानंतर शरीराचा धडधाकटपणा. मग उंची. घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. १४ ते १४.२ हँडचा, म्हणजे ५६ ते ५८ इंचांचा घोडा असेल तर नऊ वर्षांचं मूल त्याला स्वतः लगाम घालू शकतं, त्याच्यावर स्वतः चढू शकतं. १६ हँडच्या घोड्याच्या प्रत्येक कामाला मोठं माणूस लागतं.

रंगाला मात्र पैसे देऊ नका. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना अंगावरचे भोवरे पाहतात, रंग पाहतात, आणि भाव त्याप्रमाणे हलतो. टेक्सासात भोवऱ्यांना तेवढं महत्त्व नसलं तरी रंगाचा मोह तिथेही आहे. सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा पॅलोमिनो आणि काळ्या आयाळीचा बकस्किन यांना साध्या कुमैत घोड्यापेक्षा जास्त मागतात. फोटो सुंदर येतात, एवढाच त्याचा उपयोग. वंशावळीचंही तसंच. क्वार्टर हॉर्स या जातीची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनची कागदपत्रं असणं चांगलं, कारण वय आणि ओळख पक्की होते. पण गेल्डिंगला पिल्लं होणार नाहीत. त्याच्या नामांकित बापासाठी पाच हजार जास्त का द्यायचे?

व्हेटची तपासणी

खरेदीपूर्व तपासणी नेहमी तुमच्या व्हेटने, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरने करावी, विक्रेत्याच्या नेहमीच्या व्हेटने नको. साध्या तपासणीला काही शे डॉलर लागतात, एक्स-रे धरले तर खर्च हजाराच्या वर सहज जातो. पंधरा हजारांच्या घोड्यावर तो वाचवणं म्हणजे घर घेताना सातबारा न पाहण्यासारखं आहे.

व्हेट पास-नापास सांगत नाहीत. ‘या कामासाठी हा घोडा किती योग्य’ एवढं सांगतात. म्हणून त्यांना काम नीट सांगा: स्वाराचं वजन, आठवड्यातून किती दिवस, महिन्यातून किती धावा. ते एकेक सांधा अर्धा-एक मिनिट वाकवून धरतात आणि लगेच घोड्याला दुडकीवर पळवतात. लंगडणं दिसलं तर त्या सांध्यात काहीतरी असू शकतं. खूर चिमट्याने दाबून पाहतात. पुढचे खूर आणि मागच्या पायांचे हॉक, म्हणजे पायाच्या मध्यावरचे, मागे टोक निघालेले मोठे सांधे, यांचे एक्स-रे या खेळातल्या घोड्यांना घ्यायलाच हवेत.

पंधरा वर्षांच्या बॅरल घोड्याचे एक्स-रे स्वच्छ येतील अशी आशा धरू नका. हॉकच्या खालच्या थरातल्या सांध्यांची झीज नेहमीच दिसते. त्या सांध्यांना हालचाल फार कमी असते, त्यामुळे वर्षातून एक-दोन इंजेक्शनांवर घोडे वर्षानुवर्षं आरामात काम करतात. मुलासाठी खरा धोका ठेच लागण्यात आणि तोल जाण्यात आहे. पुढच्या खुरातल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या दुखण्यासाठी काही घोड्यांच्या टाचेची नस कापलेली असते. मग दुखत नाही, पण खुराची मागची बाजू बधिर होते. पायाच्या मागे, खुराच्या वरच्या भागात लहान वण आहेत का, टाच टोचल्यावर पाय हलतो का, हे व्हेटला विचारा. मज्जासंस्थेच्या आजाराने मागचे पाय अडखळत पडणारा घोडा मुलाला कधीही देऊ नये, तो कितीही शांत असला तरी.

वय झालेल्या घोड्यात उन्हाळा आला तरी न गळणारे लांब केस दिसले तर कुशिंगच्या, म्हणजे संप्रेरकांच्या एका आजाराची रक्ततपासणी सांगा. त्यावर रोजची गोळी जन्मभर लागते, आणि दुर्लक्ष झालं तर खुराच्या आतल्या थराची सूज घोड्याला कायमचं बसवू शकते. क्वार्टर हॉर्समध्ये स्नायूंच्या काही आनुवंशिक आजारांची डीएनए चाचणी होते. ती केलेली आहे का, आणि निकाल काय, तेही विचारून ठेवा.

तपासणीच्या दिवशी रक्ताचा नमुना काढून ठेवायला सांगा. शामक औषध देऊन घोडा शांत दाखवण्याचे प्रकार होतात. रिसरपीनसारख्या औषधाचा परिणाम बरेच दिवस टिकतो, त्यामुळे दोन-तीन भेटींतही शंका येत नाही. घरी आणल्यावर पंधरा दिवसांत घोडा बदलला, तर तो साठवलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. आणि नमुना काढणार म्हटल्यावर विक्रेता व्यवहारच मोडायला निघाला, तर तेही उत्तरच.

आकडे मांडून

पहिल्या दोन जाहिराती पुन्हा घेऊ, आणि त्यांच्यात एक तिसरा घोडा घालू: एकोणीस वर्षांचा, अत्यंत शहाणा, किंमत ९,०००. गवत, नाल, लसी, जागा यांचा खर्च तिन्हींना साधारण सारखाच, म्हणून तो बाजूला ठेवू.

तेरा वर्षांचा २२,०००ला घेतला. वर्षाला ६०० डॉलर ज्यादा औषधपाणी धरलं तर पाच वर्षांचे ३,०००. अठराव्या वर्षी तो धडधाकट राहिला तर अशाच दुसऱ्या कुटुंबाला ९,०००ला तरी जाईल. खरा खर्च झाला १६,०००, म्हणजे वर्षाला ३,२००.

एकोणीस वर्षांच्याला हॉकची इंजेक्शनं वर्षातून दोनदा, सहाशेच्या हिशेबाने १,२००, आणि सांध्यांची रोजची गोळी वर्षाला ५००. तो तीन वर्षं पळेल असं धरलं तर ९,००० अधिक ५,१००, एकूण १४,१००, आणि परत काही मिळणार नाही. वर्षाला ४,७०० पडले. त्यानंतर त्याला सांभाळायचंही आहे. महिना २५० डॉलरच्या कुरणात पाच वर्षं ठेवला तर आणखी १५,०००. स्वतःची जमीन असेल तर हा आकडा खूप उतरतो, आणि मग हा घोडा सहा वर्षांच्या मुलासाठी सर्वांत चांगला सौदा ठरू शकतो. जमीन नसेल तर ९,००० हा भाव जास्त आहे. पाच हजारांच्या आसपास बोला.

आता सात वर्षांची घोडी. ८,५०० अधिक सहा महिन्यांचं प्रशिक्षण, महिना १,००० डॉलर. झाले १४,५००. त्या सहा महिन्यांत मूल तिच्यावर बसणार नाही, आणि शेवटी ती मुलांची घोडी होईलच याची हमी कोणी देणार नाही. वरवर सर्वांत स्वस्त दिसणारी ही घोडी तेवढी स्वस्त राहत नाही, आणि जोखीम सर्वांत जास्त तिचीच.

घासाघीस करतानाही हीच रीत वापरा. समजा, मागणी १६,००० आहे आणि तपासणीत वर्षाला ६०० डॉलरची इंजेक्शनं निघाली. चार वर्षांचे २,४०० वजा करून १३,६००वर बोला. कागद समोर ठेवून बोललात तर विक्रेत्याला अपमान वाटत नाही. पण एवढं ध्यानात असू द्या की खरोखर चांगल्या घोड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं उभी असतात, आणि कित्येकदा असे घोडे जाहिरातीत येतच नाहीत, एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे तोंडी जातात. मुलाच्या शिक्षकाला आणि स्थानिक क्लबात आधीपासून सांगून ठेवलेलं कामी येतं. मध्यस्थ असेल तर त्याची दलाली किती, आणि ती कोण देतो, हे आधी लिहून घ्या. दोन्हीकडून दलाली घेणारेही भेटतात.

सगळे पैसे घोड्यात घालू नका. हातात २०,००० असतील तर घोडा पंधरा-सोळा हजारांचा बघा. मुलाच्या मापाचं खोगीर, एएसटीएम-एसईआय या अमेरिकी सुरक्षा मानकाने प्रमाणित हेल्मेट, पाय अडकला तर सुटणाऱ्या रिकिबी, ट्रेलर किंवा त्याचं भाडं, वर्षभराची शिकवणी आणि अचानक येणारं पोटशुळाचं बिल हे सगळं उरलेल्यातून जायचं आहे.

मूल लहान असेल आणि हा नाद टिकेल की नाही याची खात्री नसेल, तर वर्षाच्या भाडेकरारावर घोडा घेता येतो. घोड्याच्या किमतीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश रक्कम वर्षाला, शिवाय रोजचा खर्च तुमचा. घोडा मेला किंवा कायमचा लंगडा झाला तर कोणी किती भरायचे, विमा कोणी काढायचा, हे करारात स्पष्ट हवं.

पैसे देताना

व्हिडिओ पाहून आगाऊ रक्कम पाठवणं म्हणजे फसवणुकीला दार उघडं ठेवणं. घोडा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान नोंदणीचे कागद हातात धरून केलेला थेट व्हिडिओ कॉल झाल्याशिवाय, एक डॉलरही देऊ नये. विक्रीपत्रात घोड्याचं नाव, नोंदणी क्रमांक, वय, ज्ञात आजार, आतापर्यंतची इंजेक्शनं आणि ‘अमुक वयाच्या मुलाने या घोड्यावर स्पर्धा केल्या आहेत’ हे वाक्य लिहून घ्या. तोंडी ‘किड सेफ’ला नंतर काही अर्थ उरत नाही. मालकी बदलण्याचा सही केलेला अर्ज आणि एक वर्षाच्या आतला कॉगिन्स चाचणीचा, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य ॲनिमियाच्या रक्तचाचणीचा, निगेटिव्ह अहवाल घोड्याबरोबरच यायला हवा. कोलोरॅडो, वायोमिंगसारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत मालकी बदलताना ब्रँड तपासनिसाचा, म्हणजे जनावरांच्या अंगावरचे मालकीचे डाग तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा, कागदही लागतो.

जुन्या मालकाला शेवटचं एक काम सांगा: घोड्याची दिनचर्या कागदावर लिहून मागा. कोणतं गवत, किती पौंड, कोणता लगाम, धावेआधी किती वेळ चालवतात, नालबंद किती आठवड्यांनी येतो. पहिला महिना यातलं काहीही बदलू नका आणि घड्याळ लावू नका. मुलाने घोड्याला पिंपांभोवती चालवावं, मग दुडकीवर न्यावं. दोघांची गाठ बसली की एखाद्या शनिवारी स्पर्धा संपल्यावर, अरीना रिकामी झाल्यावर, त्यांना एकदा सावकाश पळू द्या.